गुडघ्याची शस्त्रक्रिया बिघडली. दाद कुठे मागायची?

सांधा बदलूनही वेदना कायम राहिल्या, जखम चिघळली वा पाऊल उचलेनासे झाले, तर रुग्णाच्या हाती काय उरते? कायद्याने दरवाजा उघडा ठेवला आहे. मात्र तो ठरावीक मुदतीपुरताच उघडा असतो आणि आत जाताना कागद सोबत लागतात.

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी सांधेरोपणाची शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी उजव्या गुडघ्याचीही शस्त्रक्रिया झाली. 'गुडघा बदलता येतो' ही गोष्ट त्यानंतर मध्यमवर्गीय घराघरांत पोहोचली. आज शहरांतील मध्यम आकाराच्या रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे. बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आधाराशिवाय चालू लागतात आणि जिने चढण्याचे गेलेले सुख परत मिळवतात.

परंतु काहींच्या वाट्याला हे सुख येत नाही. आयुष्यभराच्या बचतीतून शस्त्रक्रिया करून घेतलेला निवृत्त गृहस्थ वॉकरला खिळतो. घर चालवणारी गृहिणी स्वतःच परावलंबी होते. अशा वेळी संतापाच्या भरात पोलीस ठाणे गाठले जाते किंवा 'नशिबाचे भोग' म्हणून गप्प बसले जाते. या दोन्हींच्या मध्ये नुकसानभरपाईचा एक रीतसर मार्ग आहे. तो समजून घेताना गुडघ्याच्या बाबतीतली एक अडचण प्रथम ध्यानात घ्यायला हवी. या शस्त्रक्रियेनंतर काही महिने सूज आणि वेदना राहणे स्वाभाविक मानले जाते. त्यामुळे 'थोडा धीर धरा, होईल ठीक' हे उत्तर रुग्णाला पटते, आणि तो धीर धरून असताना कायद्याची मुदत मात्र सरत असते.

अपयश म्हणजे निष्काळजीपणा नव्हे

शस्त्रक्रियेचा परिणाम वाईट झाला, एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण साधारणतः शंभरात एक-दोन रुग्ण इतके असते आणि सर्व खबरदारी घेऊनही ते शून्यावर येत नाही. सांधेरोपण करून घेतलेल्या पाचांपैकी जवळपास एक रुग्ण निकालावर समाधानी नसतो, असे परदेशांतील अभ्यास सांगतात. हे सारेच निष्काळजीपणाचे बळी नव्हेत. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती बिघडली म्हणून निष्काळजीपणा गृहीत धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले.

मग कसोटी कोणती? त्या शाखेतील सर्वसाधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जी काळजी घेईल, ती घेतली गेली का, हा मूळ प्रश्न असतो. इंग्लंडमधील १९५७ च्या एका निकालातून आलेले हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी 'जेकब मॅथ्यू' प्रकरणात सविस्तर मांडले. सर्वांत निष्णात डॉक्टरचे कौशल्य प्रत्येकाकडे असेल, अशी अपेक्षा कायदा करत नाही. उपचारांच्या दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली, हाही दोष होत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यात आणण्यात आले. तेथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आल्याचा आरोप झाला. तीनच दिवसांत तरुण दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये शल्यविशारदाला जबाबदार धरले आणि डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण स्वीकारायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि प्रत्यक्ष उपचार करताना योग्य काळजी घेणे. यांपैकी कोणत्या टप्प्यावर चूक झाली हे दाखवता येते का, याचा विचार तक्रारदाराने आधी करावा.

चूक बहुधा कुठे असते?

काही चुका उघड असतात. उजव्याऐवजी डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होणे, आत गॉज राहणे अशा घटनांत वस्तुस्थिती स्वतःच बोलते. असे प्रकार टळावेत म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी यादी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या जागेवर आधी खूण केली आहे का, छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविक दिले का, हे प्रश्न तिच्यात आहेत. ती यादी भरली गेली होती का, हे रुग्णालयाच्या नोंदींतून कळू शकते.

मात्र गुडघ्याच्या अनेक प्रकरणांत खरा वाद शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचा असतो. जखमेतून स्राव येत होता, ताप होता, रुग्ण तक्रार करत होता. मग रक्ततपासणी कधी झाली, सांध्यातील पाणी काढून तपासायला कधी पाठवले? या तारखांना मोल असते. कृत्रिम सांध्यावर जंतूंचा थर जमण्यापूर्वी संसर्ग ओळखला, तर सांधा धुऊन आणि मधला प्लास्टिकचा भाग बदलून तो वाचवता येऊ शकतो. उशीर झाला, तर बहुधा संपूर्ण सांधा काढावा लागतो, औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवावा लागतो आणि काही आठवड्यांनी दुसरी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. संसर्ग होणे हा दोष नसेल. पण त्याकडे दुर्लक्ष करणे दोष ठरू शकतो.

हेच पायातील शिरेत रक्ताची गुठळी होण्याबाबत, गुडघ्यामागच्या रोहिणीला इजा होण्याबाबत किंवा नसेवर दाब येऊन पाऊल लुळे पडण्याबाबत म्हणता येईल. या ज्ञात गुंतागुंती आहेत. पाय गार पडला, बोटे हलेनाशी झाली, हे परिचारिकेच्या नोंदीत रात्री लिहिलेले असताना डॉक्टर सकाळी आले असतील, तर प्रश्न गुंतागुंतीचा न राहता काळजीचा होतो.

संमतीपत्रावरील सही

'तुम्ही सही केली होती' हे उत्तर रुग्णाच्या नातेवाइकांना हमखास ऐकावे लागते. संमतीपत्रावरील सही म्हणजे निष्काळजीपणाला दिलेली माफी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी 'समीरा कोहली' प्रकरणात संमतीचा अर्थ स्पष्ट केला. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला सांगितल्यानंतर मिळालेली संमतीच खरी. तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्याच्या तातडीचा. दुर्बिणीतून तपासणीसाठी सही घेतली आणि सांधाच बदलला, किंवा एका गुडघ्याचे बोलणे झाले असताना दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया केली, तर हा निकाल लागू होऊ शकतो. छापील अर्जातील रिकाम्या जागा न भरताच सही घेतली गेली असेल, तर त्याची प्रत मिळवणे अधिकच महत्त्वाचे.

कागद हाच पुरावा

शंका आल्यास पहिले काम म्हणजे रुग्णालयातील संपूर्ण केसपेपरची मागणी करणे. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने वा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवण्याचेही बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच रुग्णाचा हा हक्क मान्य केला होता. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी; पोच देत नसल्यास नोंदणीकृत टपालाने पाठवावा. कागद नाकारले गेले, तर ती बाब तक्रारीत रुग्णाच्या बाजूने मांडता येते.

केवळ डिस्चार्ज कार्डवर भागत नाही. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपण, भूलतज्ज्ञाची नोंद, संमतीपत्र, परिचारिकांचे ताप-नाडीचे तक्ते, औषधांचा तक्ता, शस्त्रक्रियेआधीचे व नंतरचे एक्स-रे, प्रयोगशाळेचे अहवाल आणि तपशीलवार बिल हे सारे मागावे. बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या वेष्टनावर कंपनी, आकार व बॅच क्रमांक असलेले स्टिकर असते. ते फाइलमध्ये चिकटवलेले आहे का, ते पाहावे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले असेल, तर ते लेखी मागून घ्यावे. रोज काय त्रास झाला, कोणत्या तारखेला डॉक्टरांना काय सांगितले आणि त्यांनी काय उत्तर दिले, याची साधी वहीतली नोंदही पुढे उपयोगी पडते.

दोन वर्षांची मुदत

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. सबळ कारण असेल, तर आयोग विलंब माफ करू शकतो; पण तो हक्क नव्हे. कारण नेमके केव्हा घडले, याबद्दल वाद होतो. चूक रुग्णाला कळण्यासारखी नसेल, तर ती समजल्यापासून मुदत मोजावी, असा युक्तिवाद करता येतो. मात्र त्यालाही मर्यादा आहे. गोव्यातील एका परिचारिकेवर १९९३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पोटात राहिलेले गॉज २००२ मध्ये सापडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. त्रास इतकी वर्षे होत असताना, आणि स्वतः वैद्यकीय क्षेत्रात असताना, तिने आधीच चौकशी करायला हवी होती, असा त्यामागील विचार होता.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. रुग्णालयाशी चाललेला पत्रव्यवहार, वकिलाची नोटीस किंवा वैद्यकीय परिषदेकडील तक्रार यांमुळे ग्राहक आयोगाची मुदत थांबत नाही. शस्त्रक्रियेची तारीख धरूनच दोन वर्षे मोजणे सर्वांत सुरक्षित. रुग्णालय दुसरी शस्त्रक्रिया मोफत करून देत असेल, तर उपचार जरूर घ्यावेत. पण 'यापुढे कोणतीही तक्रार नाही' अशा मजकुरावर सल्ल्याशिवाय सही करू नये.

तक्रार कुठे, खर्च किती?

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखालील 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ठरवले. बिल विमा कंपनीने वा मालकाने भरले असले, तरी रुग्ण ग्राहकच ठरतो. २०१९ च्या नव्या कायद्यातील व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नसल्याने डॉक्टर त्यातून सुटले, असा दावा पुढे आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो ऑक्टोबर २०२१ मध्ये फेटाळला आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

पूर्वीचा 'ग्राहक मंच' आता 'ग्राहक आयोग' झाला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बदललेल्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे दोन कोटींपर्यंतची राज्य आयोगाकडे आणि त्याहून मोठी राष्ट्रीय आयोगाकडे जातात. ही रक्कम मागितलेल्या भरपाईची नसून सेवेसाठी दिलेल्या मोबदल्याची आहे. त्यामुळे गुडघ्याची जवळपास सर्व प्रकरणे जिल्हा आयोगाकडेच येतात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. पाच ते दहा लाखांसाठी ते २०० रुपये आहे. रुग्ण जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली, तरी साताऱ्याच्या रुग्णाला साताऱ्यात दाद मागता येईल.

वकील सक्तीचा नाही. तथापि वैद्यकीय प्रकरणात तो असलेला बरा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ऑनलाइन तक्रारीसाठी 'ई-जागृती' हे संकेतस्थळ आहे, तर प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रारीत डॉक्टर आणि रुग्णालय या दोघांनाही सामनेवाले करावे. कर्मचारी वा नेमलेल्या डॉक्टरांच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयाला झटकता येत नाही.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्यांना लेखी कैफियत देण्यास ३० दिवस व फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही मुदत बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिन्यांचा कालावधी नमूद आहे. प्रत्यक्षात वर्षे लागतात, याची मनाची तयारी ठेवावी.

तज्ज्ञाचे मत लागतेच का?

या लढाईतील सर्वांत अवघड टप्पा हाच. एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर सहसा बोलत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये 'किशन राव' प्रकरणात दिला. चूक उघड असेल तेथे त्याची गरज नसते. परंतु सांधा तिरका बसला का, संसर्ग वेळेत ओळखता आला असता का, हे प्रश्न सामान्य माणसाच्या आकलनापलीकडचे आहेत. तेथे अस्थिरोगतज्ज्ञाच्या मताविना तक्रार टिकणे कठीण. खासगी तज्ज्ञ मिळत नसेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांचे मत मागवावे, अशी विनंती आयोगाला करता येते. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदी अनेकदा कोणत्याही मताहून बोलक्या असतात, कारण सांधा उघडल्यावर काय दिसले हे त्यांनी लिहिलेले असते.

भरपाई कशी मोजतात?

मनाला येईल तो आकडा लिहिल्याने भरपाई वाढत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेचा खर्च, दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा खर्च, पुढील उपचार व फिजिओथेरपी, मदतनीसाचा पगार, प्रवासखर्च, बुडालेले उत्पन्न, कायमचे अपंगत्व, शारीरिक व मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च असे स्वतंत्र रकाने करून प्रत्येकाची पावती जोडावी. अपंगत्वासाठी सरकारी रुग्णालयाच्या मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे. गृहिणीला 'उत्पन्न नाही' म्हणून तिचे नुकसान शून्य होत नाही. घरकामाचे मोल धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका प्रकरणात बजावले होते. त्याचा आधार घेता येतो.

कोलकात्यातील उपचारांशी संबंधित १९९८ च्या एका मृत्यूप्रकरणी २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मंजूर झाली, हे अनेकांच्या लक्षात आहे. पण तो अपवाद होता आणि त्यासाठी पंधरा वर्षे लढावे लागले, हेही लक्षात ठेवायला हवे. निकाल विरोधात गेल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. रुग्णालयाने अपील केले, तर मंजूर रकमेची निम्मी रक्कम त्याला आधी भरावी लागते.

अन्य मार्ग

महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून त्याचे नाव काढू शकते. भरपाई मात्र देऊ शकत नाही. पोलीस तक्रारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ व गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, आणि कारवाईपूर्वी शक्यतो सरकारी सेवेतील तटस्थ डॉक्टरचे मत घ्यावे, असे २००५ च्या निकालात सांगितले आहे. म्हणूनच भरपाई हा हेतू असेल, तर पोलीस ठाणे हा पहिला मुक्काम नव्हे.

सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. तेथे दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो आणि शासनाला दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेवेळी पोटात कापड राहून एका महिलेचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य शासनाला जबाबदार धरले. न्याय मिळाला, पण तेहतीस वर्षांनी.

डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील नाते विश्वासाचे आहे आणि ते तसेच राहावे. प्रत्येक दुखऱ्या गुडघ्यामागे गुन्हेगार शोधणे डॉक्टरांवर अन्याय करणारे ठरेल. अवघड रुग्ण स्वीकारायलाच ते कचरतील. तथापि विश्वास ठेवणे म्हणजे प्रश्न न विचारणे नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी धोके विचारावेत, संमतीपत्र वाचूनच सही करावी, घरी परतताना फाइलची पूर्ण प्रत मागावी. सारे सुरळीत झाले, तर ती फाइल कपाटात पडून राहील आणि कोणाचेच काही बिघडणार नाही. बिघडलेच, तर दोन वर्षांनी आठवणीवर विसंबून लढण्याची वेळ येणार नाही.